ओनाम्याच्या आधी

आजच्या विषयाची पत्रिका बघून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. लहान मुलांचे बोलणे, वाचणे हे बालवाडीचे प्रकरण तुमच्याकडे कसे आले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर ओघात येईलच. ते आम्हाला फारसे भूषणावह नाही, एवढे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात पैठणपासून करू. इथून पन्नासेक किलोमीटर. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिल्या गेलेल्या ग्रंथात, आपल्या पैठणची एक कथा आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतो आहे. एक राणी दमली. ती संस्कृतात म्हणाली, पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन शब्द झाला 'मोदकैः'. राजाला संधी कळला नाही. त्याने मोदक मागवले! राणी हसली, दासी हसल्या. राजा इतका खजील झाला की अंथरूण धरून बसला. मग दरबारात पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पण लावला, तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने करून दाखवले. ज्या पुस्तकाने केले ते 'कातंत्र', म्हणजे छोटे शास्त्र. गुणाढ्य रानात गेला, पैशाची शिकला आणि तीत बृहत्कथा लिहिली.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण दंतकथेच्या पोटात एक गोष्ट अगदी खरी आहे. राजा मठ्ठ नव्हता. त्याच्या घरची भाषा प्राकृत होती. हालाच्या नावावरची सत्तसई ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, ती या गोदाकाठची. राजाला येत असलेली भाषा दरबारात 'भाषा' म्हणून धरली जात नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. आमच्या मते शाळेत पहिल्या दिवशी 'पानी' म्हणणारे आणि 'पाणी म्हण' असे ऐकून गप्प होणारे मूल आणि हा राजा, दोघांची अवस्था एकच. फरक इतकाच की राजासाठी नवीन पुस्तक लिहिले गेले.

आणि ते पुस्तक टिकले. कातंत्राचा प्रसार बंगाल, काश्मीर, तिबेटपर्यंत झाला. मध्य आशियाच्या वाळूत त्याची तुटकी पाने सापडली. त्याचे पहिले सूत्र सांगते की वर्णांचा हा समूह सिद्ध आहे, म्हणजे आधीच ठरलेला, लोकात चालत आलेला आहे. जुन्या पाठशाळांत मुलाला वर्णमाला घालून देताना आधी सिद्धाला नमस्कार करवीत. 'ओम् नमः सिद्धम्' हे शब्द पोरांच्या तोंडात घासून घासून 'ओनामासीधं' झाले, आणि आपण आजही कशाचाही 'ओनामा' करतो. अर्थ कोणालाच माहीत नसे. पंतोजीला नाही, पोराला नाही. शेकडो वर्षे आपल्याकडे शिक्षणाची सुरुवात न कळणाऱ्या वाक्याने झाली, ही जरा विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

पंतोजीच्या शाळेचे वर्णन आपण सर्वांनी ऐकलेले असते. धुळपाटी, बोटाने गिरवणे, मग कित्ता, मोडी, पावकी-निमकी, आणि छडी. आम्ही तिची चेष्टा करणार नाही. हिशेब लिहिणारी, पत्र वाचणारी माणसे त्या शाळेने तयार केली. पण ती कोणाची मुले होती? ज्यांच्या घरी वही-खाते होते त्यांची. ज्यांच्या घरी वाचणे हा नित्य व्यवहार आहे, त्या मुलाला वाईट पद्धतही चालून जाते, कारण खरे शिक्षण घरी झालेले असते. ज्याच्या घरी कागद नाही, त्याची सारी भिस्त पद्धतीवर. पुढे इंग्रजी अमलात मेजर कँडीसाहेबांची क्रमिक पुस्तके आली, छापील अक्षर आले, पण क्रम तोच राहिला. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, आणि अर्थ सर्वांत शेवटी.

आपल्या मराठवाड्यात याच्यावर आणखी एक थर होता. १८८४ साली हैदराबाद संस्थानची राजभाषा फारसीची उर्दू झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. गंमत बघा, देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यावे हा विचार त्या काळात फार पुढचा होता, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ती 'देशी भाषा' मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. आपल्या शहरात १९१५ साली सरस्वती भुवन संस्था सुरू झाली, १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, ती या पार्श्वभूमीवर. १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यातली साक्षरता शेकडा दहाच्या आत होती. शंभरातले नव्वद जण आपले नाव वाचू शकत नव्हते.

आम्ही त्या नव्वदांच्या घरातले. गाव वैजापूर तालुक्यातले. आम्ही शाळेत गेलो ते १९५६ साल. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आम्हाला त्याचे काय! आम्हाला एवढेच आठवते की आमचे पहिले गुरुजी स्वतः उर्दूतून शिकलेले होते. शिकवायचे मराठी, पण मनातल्या मनात आकडे उर्दूत मोजायचे. शाळा सुटली नाही म्हणायचे, 'रुखसत' म्हणायचे. फळ्यावरची मराठी त्यांनाही थोडी परकीच होती. म्हणजे पोरे घरी एक बोलतात, पुस्तक दुसरे सांगते, आणि गुरुजी तिसऱ्या भाषेत विचार करतात. तरी आम्ही शिकलो. कसे शिकलो हा प्रश्न पुढे आयुष्यभर डोक्यात राहिला, आणि तत्त्वज्ञानाकडे वळायलाही कदाचित तोच कारण झाला.

कारण आपल्या दर्शनांत हा प्रश्न फार आस्थेने विचारलेला आहे. मूल शब्दाचा अर्थ शिकते कसे? मीमांसकांचे उत्तर आहे वृद्धव्यवहार. एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण'. दुसरा उठून गाय आणतो. शेजारी बसलेले मूल हे बघते. मग ऐकते 'गाय बांध', मग 'घोडा आण'. काय बदलले, काय तसेच राहिले, हे ताडत ताडत त्याला 'गाय' वेगळा कळतो, 'आण' वेगळा कळतो. प्राभाकर म्हणतात, मूल आधी सबंध वाक्याचा व्यवहार पकडते, सुटा शब्द नंतर. भाट्टांचे मत वेगळे. तो वाद आज नको, आमचे जुने विद्यार्थी उठून जातील. पण कामात बोललेल्या वाक्यातून भाषा येते हे दोघांनाही मान्य आहे. पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे की घडा हवा तर माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवेत म्हणून कोणी व्याकरणकाराच्या घरी जात नाही. शब्द लोकात सिद्धच असतात.

तिकडे युरोपात संत ऑगस्टिनने आपण लहानपणी बोलायला कसे शिकलो ते लिहून ठेवले: मोठी माणसे वस्तूकडे वळत, नाव उच्चारत, आणि मी नाव लक्षात ठेवत गेलो. विट्गेनस्टाइनचे १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक त्याच उताऱ्याने सुरू होते, आणि पुढे सांगते की प्रकरण इतके सोपे नाही. भाषा म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली नावे नव्हेत, तो माणसांनी मिळून करायचा व्यवहार आहे. आम्ही हे तीस वर्षे वर्गात शिकवले. फळ्यावर गाय काढून शिकवले.

आता ती न शोभणारी गोष्ट.

आमचा नातू २०१८ चा. मुलगा आणि सून दोघे वाळूजला कामाला, पोरगं आमच्याकडे. दोन वर्षांचे झाले तरी चार-दोन शब्दांच्या पुढे गाडी जाईना. घरात सगळ्यांचे एकच: मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला होता. मग २०२० चे टाळेबंदीचे दिवस आले. बाहेर जाणे नाही, दुसरी मुले नाहीत. आम्ही म्हटले, मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, हातात मोबाइल असतो, होईल सुरळीत. एका डॉक्टरांना दाखवले, तेही म्हणाले, थांबून बघा. थांबलो. दार आपटले की तो दचकायचा, कुकरच्या शिटीला मान वळवायचा, म्हणून ऐकू येत नसेल हे मनातही आले नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची बहीण अंगणवाडी सेविका. एकदा सहज आली होती. पोरगं पाटावर खेळत होतं. ती मागे उभी राहून हळू आवाजात त्याचे नाव घेत राहिली. पाच-सहा वेळा. मग समोर येऊन तितक्याच हळू बोलली, तर त्याने तिच्या ओठांकडे बघितले आणि हसला. ती म्हणाली, "आजोबा, ह्याचे कान तपासून घ्या. हा ऐकत नाही, बघतोय." बेरा तपासणी झाली. दोन्ही कानांत दोष निघाला. मोठा आवाज कळायचा, बोलणे कळत नव्हते. तेव्हा तो दोन वर्षे दहा महिन्यांचा होता.

वृद्धव्यवहारावर प्रबंध लिहिलेला माणूस आणि बारावी शिकलेली सेविका, यांत मुलाकडे कोणी बघितले हे तुम्हीच ठरवा. मीमांसकांच्या गाईच्या दृष्टांतात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे की मुलाला 'आण' ऐकू येते. आम्हीही ती गृहीत धरली. आज या क्षेत्रातला दंडक असा आहे की जन्मल्यावर महिन्याच्या आत श्रवण तपासावे, तीन महिन्यांत निदान व्हावे, सहा महिन्यांत उपाय सुरू व्हावा. आम्ही चौतीस महिने घेतले. सभागृहात आजी-आजोबा बरेच दिसतात, म्हणून सांगतो. वर्षभराचे मूल नावाला वळून बघत नसेल, दीड वर्षात एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले बोलणे गेले असेल, तर घरातल्या कोणाचा बाप उशिरा बोलला होता हे आठवत बसू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात. देशातली वाक्-श्रवणाची मोठी राष्ट्रीय संस्था १९८३ साली मुंबईत निघाली. तिला नाव आहे अली यावर जंग यांचे, जे एकेकाळी उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. इतिहास असा फिरून भेटतो.

त्या सेविकेमुळे आम्ही 'अंगणवाडी' या शब्दाच्या मागे लागलो. शब्द सरकारी वाटतो ना? तो सरकारचा नाही. तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आला. ताराबाई १८९२ च्या. माहेरच्या केळकर. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत गेल्या. तिथे गिजुभाईंनी १९२० पासून बालमंदिर चालवले होते. स्वतः माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या १९३९ ला. या मंडळींनी त्याच्या वीस वर्षे आधी तिची पुस्तके वाचून, आपल्या मातीत जमेल तेवढे घेऊन, काम सुरू केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. ताराबाईंचे नाव झाले, पैसेवाल्यांची मुले येऊ लागली. इथे पुष्कळ माणसे थांबतात.

ताराबाई १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बोर्डीला गेल्या. ठाणे जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव, आता पालघरात. बरोबर अनुताई. तेराव्या वर्षी विधवा झालेली, रात्रशाळेत शिकलेली ही बाई ताराबाईंना मिळाली आणि उरलेले आयुष्य तिने त्याच कामाला दिले. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. ज्यांच्यासाठी आलो ती येत नाहीत म्हटल्यावर या दोघी काय करतात? बालवाडीच उचलून वस्तीत नेतात. कोणाच्या तरी अंगणात मुलांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. अंगणात भरली ती अंगणवाडी. माँटेसोरीची महागडी साधने नाहीत? मग शंख, शिंपले, चिंचोके, पाने, खडे. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले ढोरांमागे रानात जात. मग शाळा कुरणात. 'कुरणशाळा' हा शब्दही त्यांचाच. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून तिला त्यांनी विकासवाडी म्हटले, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी थोरली मुलगी धाकट्याला घेऊनच शाळेत येऊ शकली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

शब्द गेला, त्यातले बोलणे तितके गेले नाही, अशी आमची तक्रार आहे. सेविकेच्या वाट्याला वजनकाटा, खिचडी, लसीकरणाच्या याद्या, मोबाइलवरची माहिती, निवडणुकीची कामे एवढे आले की मुलांशी गप्पा मारणे हे तिचे मुख्य काम आहे, हेच मागे पडले. उलट शहरात बघा. सिडकोत, गारखेड्यात गल्लोगल्ली इंग्रजी नर्सरी, आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल. त्याच्या बोटांची हाडे अजून पुरती तयार नाहीत, आणि ते शंभरपर्यंत आकडे काढते! पालक खूश, कारण वहीत काहीतरी दिसते. गप्पा वहीत दिसत नाहीत.

देवनागरीचा म्हणून एक वेगळा मुद्दा आहे. चौतीस व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे धरली तर बाराखडीत चारशेहून अधिक आकृत्या होतात, जोडाक्षरे वेगळीच. हे सगळे संपवून मग वाचायला लागायचे म्हटले तर मूल दमते. पण आपल्या लिपीची सोय अशी की ती अक्षराने चालते, आणि 'कमळ' शब्दाचे क, म, ळ असे तुकडे टाळ्या वाजवत पाडणे चार वर्षांच्या मुलाला जमते. आपल्याकडे त्याची शाळा कधीपासून होती: भेंड्या, कोडी, उखाणे, यमकाची बडबडगीते. जात्यावर बसलेल्या आईच्या मांडीवर डोके ठेवून मूल शेकडो ओव्या ऐकायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून ते भांडार केवढे होते याची कल्पना येते. पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, फार चांगले झाले. ते जाते परत आणा असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या तासाभराच्या शब्दांच्या जागी घरात काय आले, हे कोणी विचारले नाही.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हे ध्यानात घेऊन काम उभे केले. जन्माने अमेरिकन, भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या बोलीतल्या सामाजिक भेदांवरच त्यांचे संशोधन होते. म्हणजे 'पानी' आणि 'पाणी' यांत चूक-बरोबर नसून समाज असतो, हे त्यांना अभ्यासाने ठाऊक होते. त्या इथल्याच झाल्या, भारताचे नागरिकत्व घेतले. त्यांच्या शाळेत मुळाक्षरे 'क'पासून ओळीने येत नाहीत; थोडी अक्षरे, एखादी काना-मात्रा, आणि लगेच त्यांतून वाचता येणारे अर्थाचे शब्द. आणि त्याआधी भरपूर बोलणे, ऐकणे, गोष्ट वाचून दाखवणे.

आपल्या जिल्ह्यात हे काम अधिक नाजूक आहे. कन्नड-सोयगावकडे भिल्लांच्या वस्त्या आहेत, तांड्यावर गोरमाटी बोलली जाते, शहरातल्या निम्म्या गल्ल्यांत दखनी उर्दू. कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड्यांची मुले दिवाळीनंतर निम्मे वर्ष फडात असतात. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि घरची भाषा हवी असे म्हटले, हे चांगलेच. कागदावरून अंगणात यायला किती वर्षे लागतात ते बघायचे. आम्हाला आशा वाटते ती दुसऱ्याच ठिकाणी. २०२१ पासून शहरातल्या मोहल्ल्यांत मुलांची छोटी वाचनालये निघू लागली, आणि सुरुवात एका शाळकरी मुलीने केली. तिथे बसलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. एक वाचते, दोघे तिच्या खांद्यावरून डोकावतात, आणि चित्रातल्या माकडावरून तिघांत भांडण चाललेले असते. वृद्धव्यवहारच तो, फक्त वृद्ध नऊ वर्षांचा.

नातवाचे विचाराल तर दोन्ही कानांना यंत्रे आहेत, दोन वर्षे वाक्-उपचार झाले. घरी सूनबाई आणि आमची सौभाग्यवती दिवसभर त्याच्याशी समोर बसून बोलत. आम्हीही शिकलो. पाठमोरे बोलायचे नाही, टीव्ही बंद ठेवायचा, त्याने एक शब्द म्हटला की त्याला दुसरा जोडून परत द्यायचा. तो 'गाडी' म्हणाला की 'हो, लाल गाडी'. 'स' आणि 'श' अजून त्याला नीट वेगळे येत नाहीत. वाचायला मात्र लागला आहे, दुकानांच्या पाट्यांपासून.

मागच्या महिन्यात आम्ही दोघे मध्यवर्ती बसस्थानकावर होतो. त्याने एका बसवरची पाटी लावून लावून वाचली: पैठण. म्हणाला, "आजोबा, तिथे काय आहे?" आम्ही समोर बसून त्याला राजाची, राणीची आणि मोदकांची गोष्ट सांगितली. हसला नाही. थोडा वेळ विचार करून त्याने विचारले, "राजाला कमी ऐकू येत होतं का?"

आम्ही म्हणालो, ऐकू येत होतं, पण ती भाषा त्याच्या घरची नव्हती. तो म्हणाला, "मग राणीने हसायला नको होतं." आणि बस सुटली.